ससे उठून बसले

परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक निबंध छापला. त्याचा कंपवाताशी काही संबंध नव्हता. वाढलेल्या रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या मुळांच्या गोळ्या दिल्यावर काय झाले, एवढेच त्यात होते. बहुतेकांचा दाब उतरला होता. वनस्पती काही नवी नव्हती. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण येतो असे लिहून ठेवले होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातली अल्कलॉइडे वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. पण ते सगळे काम देशातल्या देशात राहिले. वकिलांचा निबंध लंडनला छापला गेला, म्हणून तो जगाने वाचला. विद्वत्तेच्या बाजारात पेठ कुठली यालाही किंमत असते.

१९५२ साली बाझेलच्या सिबा कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी सर्पगंधेतले मुख्य द्रव्य हाती धरले. त्याला रेसर्पिन हे नाव मिळाले. रक्तदाबावर तर ते चाललेच, शिवाय न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले आणि वर्षानुवर्षे बांधून ठेवावी लागणारी माणसे शांत झाली. १९५७ साली वकील आणि क्लाइन या दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला.

त्या शांततेत मात्र एक गोष्ट खटकत होती. रेसर्पिनचे मोठे डोस घेणाऱ्या काहींचे चेहरे निर्विकार होऊ लागले. हात थरथरत, अंग ताठ होई, चालताना पावले जमिनीला घासत. लोझानच्या हान्स स्टेक यांनी १९५४ सालीच हे नोंदवले, आणि रेसर्पिनच्या जोडीला नुकत्याच आलेल्या क्लोरप्रोमाझीनमुळेही असेच होते हे दाखवले. औषध थांबवले की थरथर ओसरत असे. म्हणजे एका गोळीने धडधाकट माणसात म्हातारपणाचा एक आजार उभा करता येत होता आणि पुसूनही टाकता येत होता. डॉक्टरांच्या दृष्टीने हा दुष्परिणाम होता. त्यात एखाद्या रोगाची किल्ली असेल, हे तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आले.

तो आजार लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका छोट्या पुस्तकात वर्णन केला होता. पार्किन्सन हा गृहस्थ मोठा गमतीचा. पेशाने गल्लीतला वैद्य, पण ‘ओल्ड ह्यूबर्ट’ या टोपणनावाने सरकारविरुद्ध पत्रके लिहिणारा. राजाला विषारी बाण मारून ठार करण्याच्या कथित कटाबद्दल १७९४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची जबानी झाली. जीवाश्मांवर त्याने तीन खंड लिहिले आणि लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या संस्थापकांत त्याचे नाव आहे. हयातीत त्याला जो काही लौकिक मिळाला तो दगडांमुळे.

कंपवातावरच्या त्याच्या पुस्तकात रुग्ण सहाच. त्यांतले काही त्याला रस्त्यात भेटलेले, एक तर केवळ लांबून पाहिलेला. तरी त्याची नजर अशी की आजही विद्यार्थ्याला तेच शिकवतात. हात स्वस्थ मांडीवर असताना थरथरतो आणि कामाला लावला की थरथर कमी होते. धड पुढे झुकते. चालता चालता माणूस नकळत धावू लागतो, जणू स्वतःच्याच तोलामागे पळतो आहे. त्याने हेही लिहिले की बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात. हे शेवटचे पुढे पूर्ण खरे ठरले नाही. आजार लांबला की अनेकांची स्मृती आणि विचारशक्ती मंदावते, नैराश्य येते, कधी भास होतात. रोगाचे मूळ त्याने मानेतल्या मज्जारज्जूत असावे असा अंदाज केला आणि मानेवरून रक्त काढण्याचा उपाय सुचवला. शवविच्छेदन करणाऱ्यांनी यात लक्ष घालावे अशी विनंतीही केली. ती विनंती शंभर वर्षे तशीच पडून राहिली.

मधल्या काळात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी रोगाला पार्किन्सनचे नाव दिले. त्यांनी दोन गोष्टी नेमक्या पकडल्या. स्नायूंचा ताठरपणा वेगळा आणि हालचालीतली मंदगती वेगळी, आणि यात लकवा नसतो. शक्ती असते, पण हालचाल सुरू होत नाही. सदऱ्याचे बटण लावायला पाच मिनिटे लागतात, अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत जाते, आवाज खाली जातो, पापणी क्वचितच लवते. उपचार म्हणून शार्को बेलाडोनाच्या जातीतली औषधे देत, त्याने थरथर थोडी आवरे. आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या प्रवासानंतर रुग्णांना बरे वाटते असे त्यांच्या कानावर आले, तेव्हा त्यांनी एक थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली. हसू येते खरे, पण रुग्णाचे म्हणणे गंभीरपणे घेणारा डॉक्टर त्यामागे दिसतो.

१९१९ साली पॅरिसमध्येच कॉन्स्टँटिन ट्रेत्याकॉफ या तरुण संशोधकाने प्रबंध लिहिला. मेंदूच्या देठात दोन काळसर पट्टे असतात. वैद्यकात त्यांना ‘सबस्टान्शिया नायग्रा’ म्हणतात. कंपवाताच्या रुग्णांत हे पट्टे फिकट पडलेले त्याला दिसले. काळ्या रंगाच्या पेशीच नाहीशा झाल्या होत्या. उरलेल्या पेशींत त्याला गोल गाठोडी दिसली. तशीच गाठोडी फ्रीड्रिश लेव्ही यांनी १९१२ साली मेंदूच्या दुसऱ्या भागांत पाहिली होती, म्हणून ट्रेत्याकॉफने त्यांना लेव्हीचेच नाव दिले. जागा सापडली होती. पण या पेशी एरवी काय करतात ते कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ट्रेत्याकॉफचे म्हणणे बड्या लोकांनी बराच काळ मान्यही केले नाही.

इथे पुन्हा रेसर्पिन येते. स्वीडनचे आर्विद कार्लसन १९५५च्या सुमारास अमेरिकेत बेथेस्डाला बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत काही महिने होते. तिथे नुकतेच कळले होते की रेसर्पिन दिले की मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. कार्लसन लुंडला परतले आणि त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवले की नॉरॲड्रिनलीनचाही साठा तसाच रिता होतो. मग त्यांनी साधा सरळ प्रश्न विचारला : भांडे रिकामे झाल्याने जर जनावर निपचित पडत असेल, तर ते पुन्हा भरले की उठायला हवे. नॉरॲड्रिनलीन रक्तातून मेंदूत शिरत नाही. ज्या कच्च्या मालापासून शरीर ते बनवते तो डोपा मात्र शिरतो.

१९५७ साली ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा निबंध जेमतेम पानभराचा आहे. रेसर्पिन दिलेले ससे कान पाडून, डोळे मिटून पडलेले. त्यांना डोपाचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी कान उभारले, ते उठले, हिंडू लागले. त्या सशांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत, आणि विज्ञानाच्या इतिहासात इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. पुढे सशांचे मेंदू तपासले तर नॉरॲड्रिनलीन होते तिथेच, शून्याजवळ. मग ससे उठले कशाने? डोपा आणि नॉरॲड्रिनलीन यांच्या मधल्या पायरीवरचा एक पदार्थ वाढला होता, डोपामीन. १९१० सालापासून रसायनशास्त्राला तो ठाऊक होता, पण त्याला स्वतःचे काही काम आहे असे कुणी मानत नसे. लुंडच्याच बर्टलर आणि रोझेनग्रेन यांनी १९५९ साली दाखवले की डोपामीन मेंदूभर पसरलेले नसते. ते मुख्यतः हालचालींशी संबंधित अशा स्ट्रायटम या भागात एकवटलेले असते. रेसर्पिनने माणसात जी लक्षणे दिसत होती ती पार्किन्सनची का होती, याचा उलगडा समोर आला.

मार्च १९६० मध्ये लंडनला झालेल्या परिषदेत कार्लसन यांनी हे मांडले. ज्येष्ठांनी त्याचे थंडे स्वागत केले. मेंदूत पेशी एकमेकींशी रसायनांनी बोलतात हेच अनेकांना पटत नव्हते. परिषद भरवली होती सिबाच्या नावाच्या प्रतिष्ठानाने, ज्या सिबाने रेसर्पिन काढले तिनेच. कार्लसन यांना नोबेल मिळायला २००० साल उजाडले.

माणसाच्या मेंदूत हे खरे आहे का, हे पाहायला मेलेल्या माणसाचा मेंदू हवा होता. व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकेविच यांनी ते केले. ऑक्सफर्डला हर्मान ब्लाश्को यांच्याकडे शिकून आलेल्या या तरुणाने हर्बर्ट एरिंगर या सहकाऱ्याबरोबर शवागारातून मेंदू मिळवले. पार्किन्सनचे रुग्ण त्यांत सहा होते. स्ट्रायटमचा अर्क काढून त्यात अभिकर्मके मिसळली की डोपामीनमुळे गुलाबी रंग येतो. इतर मेंदूंच्या नळ्या गुलाबी झाल्या आणि पार्किन्सनच्या जवळजवळ पांढऱ्याच राहिल्या. यंत्राची गरजच पडली नाही, फरक डोळ्यांनाच दिसत होता असे ते पुढे सांगत. निबंध १९६० साली जर्मनमध्ये छापला. ट्रेत्याकॉफचे फिकट पट्टे आणि रिकामे स्ट्रायटम यांचा संबंध मग जुळला. काळ्या पेशी डोपामीन बनवून स्ट्रायटमला पुरवतात. त्या मेल्या की पुरवठा आटतो. थरथर दिसू लागते तोवर स्ट्रायटममधले बहुतांश डोपामीन आधीच संपलेले असते. त्यामुळे आजाराची सुरुवात कधी झाली हे घरच्यांना आठवत नाही. आठवतात ती सुटी सुटी चिन्हे : वास येईनासा झाला होता, बद्धकोष्ठ होते, झोपेत हातपाय झाडत, एक हात चालताना हलतच नसे.

हॉर्निकेविच डॉक्टर नव्हते असे नाही, पण रुग्ण त्यांच्या हाती नव्हते. ते होते व्हिएन्नाच्या लाइंझमधल्या वृद्धांच्या रुग्णालयात, वाल्टर बिर्कमायर यांच्याकडे. हॉर्निकेविच यांनी त्यांना डोपा टोचून पाहा अशी गळ घातली. बिर्कमायर यांनी आठेक महिने टाळले. जुलै १९६१ मध्ये अखेर इंजेक्शने दिली, आणि अंथरुणावर उठून बसता न येणारे लोक उठले, उभे राहिले, चालले. काही तास. मग पुन्हा आधीसारखे.

या काही तासांवरून बरीच वर्षे वाद चालला. माँट्रिअललाही त्याच वर्षी तोंडाने डोपा देऊन सुधारणा दिसली होती. पण दुसरीकडे अनेकांनी थोडे थोडे औषध देऊन पाहिले, रुग्णाला मळमळ झाली, फायदा दिसला नाही, आणि त्यांनी नाद सोडला. मळमळ ही डोपाची जुनी खोड. १९१३ साली बाझेलच्या रोश कंपनीत मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकला या मोठ्या घेवड्यासारख्या शेंगांतून तो प्रथम वेगळा काढला होता. तिथेच त्यांनी स्वतः अडीच ग्रॅम गिळला आणि भडभडून ओकले. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षे त्याला वैद्यकात कुणी विचारले नाही.

ही कोंडी फोडली ती थोड्या चुकीच्या कल्पनेने. जॉर्ज कोट्झियास हे मूळचे क्रीट बेटावरचे, १९४१ साली जर्मनांनी ग्रीस घेतल्यावर अमेरिकेत आलेले. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ते मँगनीजचा अभ्यास करत. चिलीच्या खाणींत मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे हुंगलेल्या कामगारांना पार्किन्सनसारखाच आजार होतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यांना वाटले की हरवतो आहे तो काळा रंगच, म्हणून रंग परत आणायचा. त्यासाठी त्यांनी एक संप्रेरक दिले. रुग्णांची कातडी काळवंडली आणि थरथर वाढली. मग डोपा, तोही स्वस्तातला दुहेरी, म्हणजे उजवा-डावा मिसळलेला. त्यांची खरी करामत डोसमध्ये होती. अगदी थोड्यापासून सुरुवात करून आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढवत ते दिवसाला सोळा ग्रॅमपर्यंत गेले. पोटाला सवय व्हायला वेळ दिला. १९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सोळा रुग्णांचा अहवाल आला. निम्म्यांत ठळक सुधारणा होती, पण काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. दोष उजव्या रूपाचा होता. नुसता डावा, म्हणजे लेव्होडोपा, वापरल्यावर १९६९ च्या अहवालात चित्र आणखी स्वच्छ झाले. १९७० साली अमेरिकी सरकारने त्याला परवानगी दिली. पुढे कार्बिडोपा आणि युरोपात बेन्सेराझाइड जोडीला आले. ही द्रव्ये लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामीन होऊ देत नाहीत. त्यामुळे डोस चौथ्या हिश्श्यावर आला आणि ओकारी आटोक्यात आली. औषध रिकाम्या पोटी घ्यायला सांगतात तेही याच रसायनामुळे : डाळी, दूध, अंडे यांतली प्रथिने पचली की त्यांचे घटक आणि लेव्होडोपा मेंदूत शिरायच्या एकाच दाराशी गर्दी करतात.

कोट्झियास यांनीच पहिल्यांदा हेही नोंदवले की काही महिन्यांनी रुग्णांच्या अंगात नको त्या हालचाली येतात. मान वळवळते, खांदा उडतो, पाय नाचतो. औषधाचा अंमल कमी कमी वेळ टिकू लागतो, आणि दिवस ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा तुकड्यांत विभागला जातो. गोळी पेशी परत आणत नाही, फक्त त्यांची मजुरी बाहेरून भरते. ब्राँक्सच्या बेथ अब्राहम रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी १९६९च्या उन्हाळ्यात लेव्होडोपा दिले ते निद्रारोगाच्या साथीनंतर दशकानुदशके गोठून बसलेल्या माणसांना. ती जागी झाली आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांची अवस्था किती अवघड झाली, हे त्यांच्या पुस्तकातून आणि नंतरच्या चित्रपटातून जगाला कळले.

या सगळ्यात आपल्याकडची दुसरी वनस्पती राहिलीच. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये लिहिले की खाजकुहिलीच्या बियांत डोपा भरपूर आहे. कोकणात किंवा मावळात लहानपण गेलेल्याला कुहिली सांगायला नको. शेंगेची लव अंगाला लागली की खाजवून जीव नकोसा होतो. बी मात्र औषधी, आणि तिच्यात वजनाच्या चार-पाच टक्के लेव्होडोपा असते. गंमत अशी की एका भारतीय झाडाच्या मुळाने हा आजार प्रयोगशाळेत उभा केला आणि दुसऱ्या भारतीय वेलीच्या बीत त्याचा उतारा होता. पण बी ज्यांच्या हाती होते त्यांच्यासाठी सशांची गोष्ट अजून घडायची होती.

आपल्या पूर्वजांना हे सगळे माहीत होते असे आता वारंवार लिहिले जाते. मला ते पुरेसे पटत नाही. अंगभर थरथर आणणाऱ्या वाताला माधवनिदानात ‘वेपथु’ म्हटले आहे, आणि कपिकच्छू, म्हणजे हीच कुहिली, उडीद, एरंड, बला यांच्याबरोबर वातविकारांच्या काढ्यात येते. पण ग्रंथांत तिची ख्याती आहे ती बल्य आणि वाजीकर म्हणून. काही रुग्णांना त्या काढ्यांनी खरोखर गुण आला असेल. तो का आला हे कळायला मात्र व्हिएन्नाच्या त्या पांढऱ्या नळ्या लागल्या.

मुंबईत पुन्हा धागा जोडला गेला तो १९७८ साली, जेव्हा वैद्य, वाडिया आणि सहकाऱ्यांनी कुहिलीच्या बियांच्या चूर्णाने पार्किन्सनच्या रुग्णांवर केलेल्या उपचारांचा अहवाल ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त छापला. फायदा दिसला होता. याच शहरात भरूचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींतल्या चौदा हजार लोकांची घरोघर पाहणी केली, तिचा निष्कर्ष १९८८ साली आला : पार्किन्सनचे रुग्ण लाखामागे ३२८. या समाजात वयस्करांचे प्रमाण मोठे, हे त्याचे एक सरळ कारण. वकील, वाडिया आणि भरूचा हे तिघेही पारशीच, हा योगायोग मला विसरता येत नाही.

कारणांच्या शोधाला वेग दिला तो १९८२ साली कॅलिफोर्नियात. घरगुती प्रयोगशाळेत बनवलेले बनावट हेरॉइन टोचून घेतलेली तरुण माणसे एका रात्रीत पुतळ्यासारखी झाली. विल्यम लँग्स्टन यांनी शोधून काढले की त्यात एमपीटीपी नावाचा अशुद्ध अंश होता आणि तो नेमक्या त्या काळ्या पेशीच मारत होता. शरीरात त्याचे जे रूप बनते ते पॅराक्वाट या तणनाशकाशी रचनेने मिळतेजुळते, म्हणून शेतीतल्या विषांकडे लक्ष गेले. १९९७ साली दक्षिण इटलीतल्या एका कुटुंबात आल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या जनुकातला दोष सापडला, आणि लेव्हीची गाठोडी त्याच प्रथिनाची बनलेली असतात हेही त्याच वर्षी कळले. बहुसंख्य रुग्णांत मात्र वय, थोडे आनुवंशिक वळण आणि कसलासा बाह्य घात अशी मिसळच असते. रेसर्पिनची गोष्ट इथेही उपयोगी पडते : आजही थरथर घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला चांगला डॉक्टर आधी विचारतो की चक्करीची, ओकारीची किंवा झोपेची कुठली गोळी चालू आहे. सिनारिझीन, मेटोक्लोप्रमाइड आणि मनोविकारांची काही औषधे हाच चेहरा उभा करतात, आणि ती बंद केली की बहुतेकांत तो मावळतो.

कुहिलीचे चूर्ण आज आयुर्वेदिक दुकानात सहज मिळते. १९९५ साली साठ रुग्णांवर त्याची बारा आठवड्यांची पाहणी झाली आणि फायदा दिसला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. २००४ साली लंडनला आठ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली, त्यात तीस ग्रॅम चूर्णाचा परिणाम लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. आठच रुग्ण, आणि तीस ग्रॅम म्हणजे मूठभर पूड. पोटाला ती सगळ्यांना झेपत नाही, आणि प्रत्येक डब्यातल्या औषधाचा अंश सारखा असेल याची खात्री नसते. शिवाय चूर्णात आहे तेही लेव्होडोपाच. गोळीबरोबर ते परस्पर घेतले की डोस वाढतो, मग अंगाची वळवळ आणि भास वाढतात, आणि न्यूरॉलॉजिस्ट आजार बळावला असे समजून भलतीकडेच शोधत राहतो.